टिपणांचं गाठोडं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले की लेखकाचा निम्मा वेळ आपणच लिहून ठेवलेलं शोधण्यात जातो. त्यावर बरीच पत्रं आली, आणि बहुतेकांत विचारणा एकच: मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर टिपणं ठेवायची तर कशात आणि कशी? मी काही संगणकातली तज्ज्ञ नाही. चिपळूणच्या एका छापखान्यात २६ वर्षं मुद्रितं (प्रुफं) तपासली, आता थोडंफार लिहिते. तेवढ्या भांडवलावर उत्तरं देते आहे.

१९७२च्या दुष्काळावर कादंबरी लिहितो आहे. दोन वर्षांत मोबाइलमध्ये कात्रणांचे चारशेच्या वर फोटो साठलेत. स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज वेगळे, आणि आईनं सांगितलेल्या आठवणी तीन वह्यांत. मुलगा म्हणतो, एखादं चांगलं ॲप विकत घ्या. कोणतं घेऊ? (निवृत्त शिक्षक, परभणी)

गुरुजी, इतक्यात काही विकत घेऊ नका. नव्या ॲपमध्ये टाकलेत तरी ते चारशे फोटोच राहतील, फक्त बिऱ्हाड बदलेल.

आधी एक करा. त्यांतला कुठलाही एक फोटो उघडा आणि मला सांगा, हे कात्रण कोणत्या दैनिकातलं, कोणत्या तारखेचं, आणि तुम्ही ते कुठे पाहिलंत? बहुतेकदा सांगता येत नाही. फोटो काढताना आपण बातमी नीट चौकटीत बसवतो, आणि पानाचा माथा, जिथे तारीख असते, नेमका तोच बाहेर राहतो. मी स्वतः हे शंभर वेळा केलंय. म्हणून यापुढे दोन फोटो काढायचे. पहिला माथ्याचा, दुसरा बातमीचा.

आता जुने चारशे. एका बैठकीत उरकायला जाऊ नका, रोज दहा घ्या. प्रत्येकाचं एक टिपण, टिपणात एकच गोष्ट, आणि पहिल्या ओळीत ती कुठून मिळाली ते. आईच्या वहीतलं असेल तर असं: 'आई, दिवाळीनंतर, स्वयंपाकघरात. खडी फोडायच्या कामावर सुकडी मिळायची. मिलोची भाकरी लाल, पोरं तोंड वाकडं करायची.' (सुकडी म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचे तो पौष्टिक खाऊ, मिलो म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी.) दुसरं टिपण: 'रोजगार हमीचा कायदा १९७७चा. योजना मात्र त्याआधीच, दुष्काळात सुरू झालेली.' ही दोन एकत्र ठेवलीत तर लिहिण्याच्या भरात १९७३च्या मस्टरवरची, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावरची, बाई 'कायद्यानं काम द्या' म्हणून साहेबाशी भांडेल, आणि त्या काळात खडी फोडलेला एखादा वाचक तिथेच पुस्तक मिटेल. सुकडी आईची, कायदा सरकारचा. दोन्ही खरे, पण एकाच माणसाच्या तोंडी एकाच वर्षी येतील असं नाही.

ज्या फोटोचा ठावठिकाणा लागतच नाही, त्यांच्यासाठी एक फोल्डर करा. माझ्याकडे त्याचं नाव 'बेवारस' आहे. त्यातलं काही वातावरणासाठी वापरते, आकड्यासाठी किंवा तारखेसाठी कधीच नाही.

व्हॉट्सॲपवर स्वतःला मेसेज पाठवण्यात गैर काही नाही. पण ती भाजीची पिशवी आहे, घरी आल्यावर रिकामी करायची. आठवडाभर तशीच ठेवली की काय होतं, ते तुम्ही बघताच आहात.

राहिला ॲपचा प्रश्न. सगळं मोबाइलवरच करणार असाल तर गूगल कीप पुरे. फुकट आहे, टिपणांना लेबलं लावता येतात. कॉम्प्युटरवर बसणार असाल तर मी ऑब्सिडियन वापरते. कारण एकच, त्यातलं प्रत्येक टिपण म्हणजे आपल्याच डिस्कवरची एक साधी मजकुराची फाइल असते. उद्या ऑब्सिडियन नाहीसं झालं तरी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडते. कात्रणं आणि पुस्तकंच जास्त असतील तर झोटेरो बघा. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून २००६ साली निघालेलं, तेही फुकट. तारीख, दैनिक, पान यांचे रकाने त्यात आयतेच असतात, आणि रिकामा रकाना दिसला की आपल्यालाच लाज वाटते. फाइली त्यांच्याकडे ऑनलाइन ठेवायच्या तर ३०० एमबीपर्यंत पैसे पडत नाहीत. फोटो जड असतात, ती जागा लवकर भरेल. तेव्हा फोटो आपल्याच डिस्कवर राहू द्या.

घेण्याआधी मात्र एक चौकशी करायची: यात भरलेलं सगळं एकदम बाहेर कसं काढायचं? गूगलच्या खात्यातून 'टेकआउट', म्हणजे आपल्या सगळ्या माहितीची प्रत, मागवता येतं, कीपची टिपणंही त्यात येतात. ज्या ॲपमध्ये अशी सोय सापडत नाही, तिथे मी पाऊल ठेवत नाही.

एवढी भित्री मी का झाले ते सांगते. माझी टिपणं आधी कार्डांवर असत, बुटांच्या खोक्यांत, अकराशेच्या आसपास. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदी घरात शिरली. तिसऱ्या दिवशी चिखलातून खोकी काढली, तर शाईच्या पेनानं लिहिलेली कार्डं निळी पडलेली, अक्षर नाही. पेन्सिलीनं लिहिलेली मात्र दोरीवर वाळत घालून वाचता आली. छापखान्यात खुणा पेन्सिलीनं करायची सवय होती, तेवढी दोनेकशे वाचली. मग शहाणपण सुचलं आणि मी मोबाइलवर आले. एका ॲपमध्ये पुढची सगळी टिपणं भरली. ते ॲप बंद होणार असल्याचा मेल आला, तो मी जाहिरात समजून उडवला. त्या वेळी तर पाऊसही नव्हता.

माझ्या नोंदींच्या फाइलमध्ये दुसऱ्या बाजीरावाबद्दल दहा-बारा ठिकाणी लिहिलं आहे. 'दुसऱ्या' शोधलं की चारच जागा दाखवते. फाइल बिघडली आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

ताई, फाइल ठणठणीत आहे. दुखणं त्या 'ऱ्या'चं आहे. आणि खरं सांगू, हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी वाटच बघत होते.

'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कोऱ्या' यांतला आडवा र कॉम्प्युटरवर दोन वाटांनी लिहिता येतो. काही कीबोर्ड खाली ठिपका असलेला र घेतात आणि त्याचा पाय मोडतात. काही साध्या र चा पाय मोडून पुढे एक जोडचिन्ह टाकतात, जे डोळ्यांना दिसतच नाही. पडद्यावर आणि कागदावर दोन्ही शब्द जुळ्या भावांसारखे. यंत्र मात्र चेहरा बघत नाही, आतले आकडे बघतं, आणि ते वेगळे असतात. तुम्ही काही मजकूर मोबाइलवर लिहिला असणार, काही कॉम्प्युटरवर, काही कुणाकडून आलेला. शोधताना जो कीबोर्ड हाताशी, त्याच्याच जातीचे शब्द सापडतात.

उपाय सोपा आहे. न सापडलेल्यांपैकी एक 'दुसऱ्या' नजरेनं हुडका, तो तिथून कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटवा. उरलेले धडाधड पुढे येतील. मग 'सगळीकडे बदला' देऊन एकच जात ठेवा. पुढे सगळ्या यंत्रांवर शक्यतो एकच कीबोर्ड वापरा.

'ॲ'चंही तसंच. पूर्वी अ लिहून वर चंद्र द्यावा लागे. अख्खा ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी यंत्रांनी मानलेल्या अक्षरांच्या यादीत, २००८ साली आलं. त्यामुळे जुन्या फाइलमधलं 'ॲडमिशन' नव्या कीबोर्डनं शोधलं तर हाताला लागेलच असं नाही.

जुन्या पुस्तकांची पानं फोटोवरून मजकुरात उतरवून घेत असाल, आणि गूगल लेन्स हे काम देवनागरीत बऱ्यापैकी करतं, तर आणखी एक पायरी आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली मान्य झाले. त्याआधीच्या छपाईत अनुच्चारित अनुस्वार पानोपानी सांडलेले असतात: नाहीं, कांहीं, गांव, घरें. अशा मजकुरात 'गाव' शोधाल तर गावच नाही. मी दोन्ही रूपं शोधते. ते अनुस्वार पुसून टाकावेत असंही वाटेल, पण अवतरण द्यायची वेळ आली की तेच लागतात. मुद्रितशोधकाचा हात शिवशिवतो, तरी नको.

आणि शेवटी आपली विभक्ती. 'बाजीराव' शोधलं तर बाजीरावानं, बाजीरावाला, सगळे येतात. 'पाणी' शोधलं तर पाण्यात, पाण्यावर येत नाहीत, 'पाण' शोधावं लागतं. 'देऊळ' घ्या, तर देवळात कसं सापडणार? 'देव' टाकलं तर तेहतीस कोटी येतील. 'काप' टाकून कापसाचा शोधायला गेले होते, तर कापडाचं दुकानच उघडलं. इंग्रजीसाठी बनलेल्या शोधयंत्रांना आपलं सामान्यरूप कळत नाही, म्हणून मी प्रत्येक टिपणाच्या तळाशी खुणेच्या शब्दांची एक ओळ टाकते, शब्द मूळ रूपात: देऊळ, कापूस, बाजीराव दुसरा. शोधायचं ते त्या ओळीतलं. दहा सेकंदांचं काम आहे.

डीटीपीवाल्यांकडून आलेला जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. एरवी तुम्हाला दिसते मराठी आणि यंत्राला दिसतात इंग्रजी अक्षरांची भुतं.

मी गेली १८ वर्षं इथे आहे. आजोबांच्या काळातल्या कोकणावर लिहिते आहे, पण जवळपास मराठी ग्रंथालय नाही. ऑनलाइन विश्वासानं काय वापरता येईल? (एक वाचक, न्यू जर्सी)

शब्दांसाठी तर तुमच्या देशातच खाण आहे. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, तिन्ही उघडे आहेत. तिथेही गाव शोधताना 'गांव' टाकून बघा. वरच्या कोल्हापूरच्या ताईंचं दुखणं तुम्हालाही लागणार आहे.

विषयांसाठी मराठी विश्वकोश आणि केतकरांचा ज्ञानकोश, दोन्ही ऑनलाइन वाचता येतात. ज्ञानकोश १९२०च्या दशकातला. त्यातली माहिती आजची म्हणून घेऊ नका, आजोबांच्या काळाची म्हणून घ्या, म्हणजे सोनं आहे. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारनं काढलेला त्या भागाचा माहितीग्रंथ, १८८०चं. बंदरं, पिकं, बाजारभाव, जाती, सगळं आहे, फक्त साहेबाच्या खुर्चीवरून पाहिलेलं. टिपणाच्या पहिल्या ओळीत तेही लिहा. घरच्या पत्रांवर शके असतील तर ७८ मिळवायचे. शके १८४० म्हणजे १९१८-१९, इन्फ्लुएन्झाच्या साथीचं वर्ष. पत्र त्यातलं असेल तर दोनदा वाचा.

वर्तमानपत्रांची वेबपानं बेभरवशाची असतात, आज आहेत आणि उद्या नाहीत. पान उपयोगाचं वाटलं की इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याचा पत्ता देऊन ते साठवून ठेवा. तिथून मिळणारा पत्ता टिपणात लिहा, सोबत वाचल्याची तारीख.

संदर्भ एआयला विचारून घेतले तर चालतील का? वेळ फार वाचतो. (नवोदित लेखक, नाशिक)

मीही विचारून पाहिलंय. खाडीतल्या जुन्या गलबतांबद्दल अशा एका यंत्रानं मला पुस्तकाचं नाव, प्रकाशक, साल, वर पृष्ठ क्रमांकसुद्धा दिला. ग्रंथपालांना कामाला लावलं, सूची चाळल्या. आठवड्यानंतरही त्या पुस्तकाचा मागमूस कुठे नव्हता. मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यानं क्षमा मागितली आणि दुसरं पुस्तक सांगितलं. तेही तसलंच.

शोधायला आणखी कोणते शब्द टाकून बघू, किंवा माझीच वीस टिपणं कालक्रमानं लावून दे, अशा कामांना ते बरं आहे. त्यानं सांगितलेलं पुस्तक हातात घेऊन पान उघडेपर्यंत त्याचं टिपण करू नका.

आजी ८८ वर्षांची आहे, गोष्टी फक्त मालवणीतून सांगते. बोललेलं आपोआप लिहून देणारी सोय मोबाइलवर आहे, ती वापरू का? (एक वाचक, कुडाळ)

वापरा, पण मूळ आवाज पुसू नका. माझी मावशी मालवणी बोलते. तिचं बोलणं मी मोबाइलला लिहायला लावलं, तर 'खंय'चं (म्हणजे 'कुठे'चं) त्यानं 'काय' केलं, आणि तिच्या हेलाची सगळी धार घासून शाळेतली मराठी करून ठेवली. शिवाय ती थांबते, हसते, 'जाऊ दे' म्हणते, ते लेखात उतरत नाही, आणि मला नेमकं तेच हवं होतं.

रेकॉर्डिंग सुरू झालं की आधी तुम्ही बोला: आज अमुक तारीख, कुडाळ, आजीची पडवी, शेजारी कोण बसलंय. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे त्या आपोआप रांगेत लागतात. एक प्रत मोबाइलवर, एक दुसऱ्या घरी, भावाकडे वगैरे.

आणि उकडत असलं तरी पंखा बंद करा. मावशीच्या पहिल्या दोन तासांत मला अजून पंखाच जास्त ऐकू येतो.