एकी म्हणजे एकसारखेपणा का?

प्रश्न : आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेत जुनी भजने गावीत की गिटारवरची नवी गीते, यावरून दोन तट पडले असून काही कुटुंबे वेगळी चूल मांडण्याच्या तयारीत आहेत. मनाविरुद्ध एकत्र राहण्यापेक्षा वेगळे झालेले बरे नाही का?

उत्तर : करिंथ या प्राचीन ग्रीक शहरातल्या मंडळीतही ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोसाचा’, ‘मी केफाचा’ असे धर्मशिक्षकांच्या नावाने गट पडले होते. ख्रिस्ताचे विभाग झाले आहेत काय, असे प्रेषित पौलाने त्यांना खडसावले. स्वतःच्या नावाने मिरवणाऱ्या गटाचीही त्याने बाजू घेतली नाही, हे विशेष.

तुमच्या वादाहून कितीतरी अवघड प्रश्न २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त मंडळीत एकत्र आलेल्या सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्यांपुढे होता. अँग्लिकन परंपरेत तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा (पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा) दिला जाई, तर बॅप्टिस्टांच्या मते समजत्या वयात विश्वास कबूल केल्यावाचून बाप्तिस्माच नव्हे. दीर्घ वाटाघाटींनंतर, कोणालाही आपली श्रद्धा सोडायला न लावता, दोन्ही रीती एकाच मंडळीत मान्य झाल्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट मात्र ऐनवेळी बाहेर राहिले. म्हणजे हे काम तेव्हाही सोपे नव्हते.

शिकवणीत असत्य शिरले किंवा कोणावर अन्याय होत असेल, तर ऐक्याच्या नावाखाली गप्प बसू नये. गिटार हा त्या तोलाचा मुद्दा आम्हांला तरी वाटत नाही. पाळकांनी (धर्मगुरूंनी) पास्टोरेट कमिटीसमोर, म्हणजे मंडळीच्या कारभारी समितीसमोर, दोन्ही बाजूंना बोलवावे, आणि निर्णय होईपर्यंत त्या कुटुंबांनी प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर व द्राक्षारसाच्या सामायिक विधीला, येणे थांबवू नये.