गावी राहणाऱ्या आईची शुगर ॲप आणि सेन्सरमुळे आटोक्यात येईल का?

तुम्ही विचारलंय : आई गावी, टाइप २ मधुमेह, तुम्ही पुण्यात. तिच्या दंडाला सतत शुगर मोजणारा सेन्सर लावून आकडे तुमच्या मोबाईलवर बघत राहिलात तर शुगर कंट्रोलमध्ये येईल का, आणि ॲप कुठलं घ्यावं. ॲपचं नाव मी सांगणार नाही, सगळी थोड्याफार फरकाने सारखीच. पण ‘आकडे माझ्या मोबाईलवर’ हे वाचलं आणि राहवेना. याच सोयीवरून मी आणि माझा दादा अजून एकमेकांशी नीट बोलत नाही.

आमचे अण्णा रिटायर्ड तलाठी, कराडला असतात. दादा डॅलसला. दिवाळीत आला तेव्हा त्याने मेडिकलमधून सेन्सर आणला, अण्णांच्या डाव्या दंडाच्या मागे खटकन बसवला, ॲप टाकलं आणि स्वतःचं नाव त्यात जोडून परत गेला. आमचा स्कॅनवाला होता, मोबाईल दंडाजवळ नेला की आकडा येतो. पारावरची मंडळी अण्णांना ‘कसला बिल्ला मिळाला’ म्हणून विचारायची, त्याचं त्यांना कौतुकच होतं.

मग फोन सुरू झाले. “अण्णा, दुपारी २४३? काय खाल्लंत?” हुरडा खायला चुलत्यांच्या रानात गेले तरी फोन, लग्नाचं जेवण झालं तरी फोन. अण्णा म्हणाले, मंडल अधिकाऱ्याने सगळ्या नोकरीत एवढी चौकशी केली नव्हती. तलाठीच ते. सेन्सरमध्ये ८ तासांचंच राहतं, त्याआधीचं पुसलं जातं, हे त्यांनी आठवड्याभरात हुडकून काढलं. पंगतीत जेवायचं आणि स्कॅन थेट रात्री झोपताना करायचा. दादाला ग्राफमध्ये दुपारची नुसती मोकळी जागा दिसायची.

एवढ्यावर निभावलं असतं. पण एका सकाळी स्कॅन केल्यावर पहाटे तीनच्या सुमाराला ५८ दिसलं. तिकडे संध्याकाळ. दादाने बघितलं, फोन केला आणि आईला सांगून टाकलं, रात्रीची गोळी बंद करा. डॉक्टरांना विचारणं नाही की मला नाही. पुढे रोज सकाळची उपाशीपोटीची शुगर दोनशेच्या घरात. मी अण्णांना डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी ग्राफ बघून पहिलं काय विचारलं असेल? “झोपता कुठल्या कुशीवर?” डाव्या. सेन्सरही डावीकडे. अंगाखाली दाबला गेला की सेन्सर खोटा कमी आकडा दाखवतो, कारण तो रक्तातली नाही तर कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो. म्हणूनच आकडा एरवीही रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. गोळी पुन्हा सुरू झाली. मी पहाटेचा गजर लावून उठले. ग्राफ पुन्हा लाल, म्हणजे शुगर कमी दाखवणारा, बोटातून थेंब काढून ग्लुकोमीटरवर बघितलं तर ११६. दादाचं आजही म्हणणं, रिस्क कशाला घ्यायची. गोळी बंद ठेवणं ही रिस्क नव्हती म्हणे!

अण्णांनी सांगितलं म्हणून मी दादाचं नाव ॲपमधून काढलं, आणि खरा फायदा तिथून पुढे झाला. अण्णांनी वही घातली, रकाने आखून : काय खाल्लं, आधीची शुगर, दोन तासांनंतरची, शेरा. ‘पोहे, चहा, मारी बिस्किटं. नामंजूर.’ ‘ज्वारीची भाकरी, मेथी, दाण्याची चटणी. मंजूर.’ एकादशीच्या साबुदाण्याला तर दोनदा तपासून नामंजुरी दिली. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं आई वर्षानुवर्षं म्हणत होती ते कधी ऐकलं नाही, स्वतः लिहिलेला आकडा मात्र मानला. रात्री जेवून प्रीतिसंगमापर्यंत चक्कर मारली की आकडा किती खाली येतो हेही वहीत आहे. ॲपमधली जेवणाची नोंद महिन्याभरातच बंद पडली होती, कारण भाकरी किती कप खाल्ली असं ते विचारायचं.

दादाचा लाडका मुद्दा असा की ग्राफशिवाय माणूस बदलत नाही. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाचा २०१३ सालचा अभ्यास बघा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे नोकरदार पुरुष, अर्ध्यांना मोबाईलवर खाण्याचे आणि चालण्याचे साधे मेसेज. दोन वर्षांत मेसेजवाल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला, बाकीच्यांपैकी २७ टक्क्यांना. कुठला सेन्सर आणि कुठला ग्राफ! साधे मेसेज, तेही कुणी हजेरी न घेता. (ते अजून मधुमेही झालेले नव्हते, हा फरक आहे, दादाने तो लगेच काढलाच.)

तुमच्या आईसाठी सांगायचं तर एक सेन्सर लावा, तो १४ दिवस चालतो, खर्च हजारांत जातो. पहिल्या दिवसाच्या आकड्यांवर फार विसंबू नका. आकडे आधी तिने बघायचे, तुम्ही नंतर, तेही तिची हरकत नसेल तर. ‘काय खाल्लंस’ असा फोन करायचा नाही. तिचं तिला उमगलं की पुढे ग्लुकोमीटर आणि दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर टक्क्यांत सांगणारी रक्ततपासणी) पुरतं. अण्णांचं ८.९ वरून ७.४ झालं. मध्ये डॉक्टरांनी एक औषधही बदललं होतं, त्यामुळे सगळं श्रेय वहीचं नाही.

आई इन्सुलिनवर असेल तर माझं वरचं बरंच रद्द समजा. तिथे शुगर एकदम उतरू शकते. एकटी राहत असेल तर अलार्मवाला सेन्सर आणि कुणीतरी लक्ष ठेवणारं, दोन्ही हवं. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीनेही शुगर उतरते, विशेषतः उपासाला. ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी परत तपासायचं. वयस्कर माणसाला ७० ते १८० मध्ये निम्म्याहून जास्त वेळ राहिली तरी चालतं, तरुणांचं ७० टक्के वेळेचं टार्गेट तिच्या माथी मारू नका. आणि सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी कुणी विकायला आलं तर दारातूनच परत पाठवा. अमेरिकेच्या एफडीएने (तिथलं औषधं आणि उपकरणांना मान्यता देणारं सरकारी खातं) २०२४ च्या फेब्रुवारीतच सांगितलंय की असल्या एकाही वस्तूला त्यांची मान्यता नाही.

दादाला ॲपमध्ये परत घ्यायचं का ते अण्णा ठरवतील. सध्या दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो पाठवायचं त्यांनी कबूल केलंय, शेऱ्याचा रकाना झाकून.