आकडेवारी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बदलली की जुनी तुलना का बिघडते?

तुम्ही विचारलंय की देशाने आपली आर्थिक आकडेवारी आंतरराष्ट्रीय मानकाला जुळवून घेतली की जीडीपी एकाएकी फुगतो, जुन्या वर्षांशी तुलना जमत नाही, मग हा खटाटोप नेमका कुणासाठी? राष्ट्रीय लेख्यांच्या, म्हणजे देशाचं उत्पादन आणि उत्पन्न मोजण्याच्या हिशेबाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फुगण्याबद्दल. त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे पायाभूत वर्ष, म्हणजे ज्या वर्षाच्या किमती आणि उद्योगांची रचना हिशेबाला आधार धरतात ते वर्ष, बदलणं. घानाने २०१० मध्ये १९९३ ऐवजी २००६ हे पायाभूत वर्ष धरलं आणि जीडीपी ६० टक्क्यांहून जास्त वाढला. नायजेरियाने २०१४ मध्ये १९९० सोडून २०१० धरलं, तेव्हा वाढ ८९ टक्क्यांच्या आसपास होती. मोबाइल सेवा, चित्रपट उद्योग हे सगळं वर्षानुवर्षं वाढत होतं, पण जुन्या हिशेबात त्याला पुरेशी जागाच नव्हती. त्या दिवशी कुणी श्रीमंत झालं नाही, फक्त नोंद झाली.

दुसरी गोष्ट म्हणजे व्याख्या बदलणं, आणि मानकाचा खरा संबंध इथे येतो. राष्ट्रीय लेख्यांची संयुक्त राष्ट्रांची पद्धत १९५३ मध्ये आली. मग १९६८, १९९३, २००८ आणि आता २०२५ अशा आवृत्त्या झाल्या. २००८ च्या आवृत्तीत संशोधनावरचा खर्च गुंतवणूक धरला गेला. समजा एका औषध कारखान्याने वर्षात १०० रुपयांचा माल बनवला. बाहेरून घेतलेल्या गोष्टींवर ६० गेले आणि त्यातले १० एका प्रयोगशाळेकडून घेतलेल्या संशोधनाचे होते. जुन्या हिशेबात ते १० वीजबिलासारखेच खर्ची पडायचे आणि मूल्यवर्धन, म्हणजे जीडीपीत धरला जाणारा कारखान्याचा वाटा, ४० निघायचं. नव्यात ते यंत्रासारखे मालमत्तेत जातात, म्हणून मूल्यवर्धन ५०. कारखाना तोच, माणसं तीच. मला हा बदल पटतो, कारण त्या संशोधनातून पुढची कित्येक वर्षं उत्पन्न येतं.

पण मानक तंतोतंत पाळूनही आकडा निरुपयोगी ठरू शकतो. आयर्लंडने २०१५ सालची वाढ २६.३ टक्के जाहीर केली. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा (पेटंट वगैरे) तिथल्या ताळेबंदात हलवली होती, म्हणून तिची कमाई तिथे मोजली गेली. हिशेब नियमाला धरून होता, पण सामान्य घराची कमाई किंवा सरकारची कर्ज फेडायची ताकद त्यावरून कळेना. त्यावर त्यांनी काय केलं ते मला फार मोलाचं वाटतं. जीडीपी मानकाप्रमाणे तसाच ठेवला, आणि २०१७ पासून त्याच्या शेजारी ‘सुधारित सकल राष्ट्रीय उत्पन्न’ हा दुसरा आकडा द्यायला सुरुवात केली. त्यातून बाहेरून आलेल्या बौद्धिक संपदेचा आणि भाड्याने दिलेल्या विमानांचा घसारा वगळला जातो. माझं मत ठाम आहे: वापरणाऱ्याची गरज वेगळी असेल तर मानक वाकवू नये, शेजारी दुसरा आकडा द्यावा आणि एकावरून दुसऱ्यावर कसं जायचं ते तक्त्यात दाखवावं. मानक वाकवलं की दुसऱ्या देशाशी तुलना गेली, आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या सोयीने ते पुन्हा वाकवलं जाईल.

आता तुलना बिघडण्याबद्दल. इथे तुमची तक्रार रास्त आहे आणि दोष बहुतेक वेळा आमच्या, म्हणजे आकडेवारी काढणाऱ्या लोकांचा असतो. उद्योगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या चौथ्या आवृत्तीत पुस्तकं-वर्तमानपत्रांचं प्रकाशन कारखानदारीतून निघून माहिती आणि दळणवळणात गेलं. यंत्रदुरुस्ती आधी त्या-त्या यंत्राच्या उत्पादनातच धरली जायची, तिला कारखानदारीतच वेगळा गट मिळाला. मी ज्या कार्यालयात होतो तिथे नव्या वर्गीकरणाच्या कोडचे तक्ते निघाले, पण मागची वर्षं जुन्याच कोडवर राहिली. एका संशोधक बाईंचा फोन आला, “अहो, प्रकाशनाच्या दोन हजार नोकऱ्या एका वर्षात गेल्या कुठे?” कुठेच गेल्या नव्हत्या. मला फार ओशाळल्यासारखं झालं, कारण त्यांचं अर्धं लिखाण त्या मालिकेवर उभं होतं.

मग आम्ही जे आधीच करायला हवं होतं ते केलं. एका वर्षाच्या प्रत्येक आस्थापनेला जुना आणि नवा असे दोन्ही कोड लावले. जुन्या गटातला किती हिस्सा कोणत्या नव्या गटात जातो ते त्यातून निघालं, आणि त्या प्रमाणात मागची वर्षं पुन्हा मांडली. काम किचकट आहे. कागदावरच्या पत्त्यावर कंपनी एक, पण छपाई आणि प्रकाशन दोन्ही करणारी, तिला कुठे टाकायचं यावर आमचा एक अख्खा दिवस गेला. शिवाय एका वर्षाचं प्रमाण जितकं मागे ताणाल तितकं ते कमी भरवशाचं होत जातं. म्हणून ठरावीक वर्षाच्या आधीच्या आकड्यांवर ‘अंदाजित’ अशी खूण केली आणि मालिका जिथे तुटते ते वर्ष तक्त्यातच छापलं, तळटीपेत नाही.

वेळेचा प्रश्नही असतोच. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आकडेवारी प्रसिद्ध करण्यासाठी १९९६ मध्ये घालून दिलेल्या प्रसार-मानकात तिमाही जीडीपी पुढच्या तिमाहीच्या आत द्यावा लागतो आणि प्रकाशनाच्या तारखा आगाऊ जाहीर कराव्या लागतात. मध्यवर्ती बँकेला हा लवकरचा आकडा हवा असतो, मग तो थोडा कच्चा का असेना. संशोधकाला उशिरा चालतो, पण पक्का लागतो. दोघांना एकच आकडा पुरणार नाही, म्हणून पहिला अंदाज आणि नंतरच्या सुधारणा दोन्ही जपून ठेवायच्या. जुना अंदाज पुसून त्यावर नवा लिहिणारं कार्यालय दिसलं, तर तक्रार जरूर करा.

जुनी-नवी वर्षं जोडलेली ती मालिका संशोधक बाईंना मिळायला पाच महिने लागले. त्यांनी ती तपासून आमच्या दोन चुका कळवल्या, आणि त्या आम्ही पुढच्या प्रकाशनात दुरुस्त केल्या.