पेलेट स्टोव्हची, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बारीक कांड्या जाळणाऱ्या शेगडीची, राख काढायला घरातला व्हॅक्यूम चालेल का, की वेगळा अ‍ॅश व्हॅक, म्हणजे राखेसाठीच बनवलेला व्हॅक्यूम, घ्यावा? घेतला तर कोणता आणि सांभाळायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या मेन राज्यात घर घेतलंय, घरात लहान मुलं आहेत, आधीच्या मालकाने पेलेट स्टोव्ह तसाच ठेवलाय, हा पहिलाच हिवाळा आहे आणि राखेसाठी वेगळा खर्च करावा का ते कळत नाहीये. मी शेजारच्या न्यू हॅम्पशायरमधे राहते, आमच्याकडे नऊ हिवाळे झाले स्टोव्ह चालतोय, सीझनला साधारण तीन टन पेलेट जातात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

घरातला नेहमीचा व्हॅक्यूम अजिबात नको. मी पहिल्या वर्षी तेच केलं होतं म्हणून सांगते. रात्री स्टोव्ह बंद केला, सकाळी आत हात घालून बघितलं तर सगळं गार, राख करडी, कुठे लाल ठिपका नाही, मग लावला व्हॅक्यूम. दोन-तीन मिनिटांत जळका वास यायला लागला, मला आधी वाटलं मोटर गेली, झाकण उघडलं तर आतल्या कागदी पिशवीला भोक पडून कडेने धुमसत होतं. प्लग ओढला आणि आख्खा व्हॅक्यूम उचलून बाहेर बर्फात नेऊन टाकला. मुलगी तेव्हा दीड वर्षाची, त्याच खोलीत खेळत होती. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

आणि मला हे कळायला हवं होतं. पाटणकडच्या आमच्या घरी आजी रात्री चुलीतला आर राखेत पुरून ठेवायची, सकाळी राख बाजूला सारून फुंकणीने दोन फुंका मारल्या की विस्तव तयार, काडेपेटीला हात लावायची गरज नसायची. राख विस्तव विझवत नाही, ती त्याला पांघरूण घालून जिवंत ठेवते, वरून हात लावला तर गार लागते आणि आत निखारा तसाच. व्हॅक्यूम काय करतो, ते पांघरूण काढतो आणि निखाऱ्याला जोराचा वारा देतो, म्हणजे फुंकणीचंच काम, फक्त चुलीत न होता कागदाच्या पिशवीत आणि प्लॅस्टिकच्या डब्यात होतं. राखेच्या ढिगात निखारे तीन-चार दिवससुद्धा तग धरू शकतात.

यातूनच दुसरी गोष्ट येते जी लोक नीट वाचत नाहीत. अ‍ॅश व्हॅक घेतला म्हणजे गरम राख ओढायची परवानगी मिळाली असं नाही! डबा पत्र्याचा, पाइपला आतून धातूचं अस्तर, फिल्टर लवकर पेट न घेणारा, हे सगळं एखादा चुकार निखारा आत गेला तर वेळ मिळावा म्हणून असतं. राख गारच हवी. स्टोव्ह बंद केल्यावर मी किमान 24 तास थांबते, अ‍ॅश पॅन (राख पडायचा ट्रे) गच्च भरलेला असेल तर दोन दिवस. आता तुम्ही म्हणाल जानेवारीत बाहेर उणे वीस असताना 24 तास स्टोव्ह बंद ठेवायचा कसा, तर नका ठेवू. तेव्हा बंद केल्यावर तासाभराने बर्न पॉट (पेलेट जळतात ती वाटी) खरवडायचा, राख लोखंडी फावड्याने घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत काढायची आणि स्टोव्ह परत लावायचा. व्हॅक्यूमचं काम हवा जरा सौम्य असेल त्या दिवसासाठी ठेवायचं, किंवा आम्ही करतो तसं, दोन-तीन आठवड्यांतून एकदा शनिवारी स्टोव्ह बंद करून ऑइल हीटवर (तेलावरच्या हीटिंगवर) घर ठेवायचं आणि रविवारी साफसफाई.

आता निवडायचं कसं. दुकानात बॉक्सवर सगळ्यात मोठ्या अक्षरात हॉर्सपॉवर लिहिलेली असते, ती बघूच नका. इथल्या घरातल्या साध्या प्लगला 120 व्होल्ट आणि 15 अँप, म्हणजे जास्तीत जास्त 1800 वॅट, म्हणजे जेमतेम 2.4 हॉर्सपॉवर, मग पाच 'पीक' हॉर्सपॉवरचा व्हॅक्यूम त्या प्लगवर सतत कसा चालेल? अँप बघा, 10 ते 12 अँप भरपूर झाले. राख वजनाला हलकी असते, तिला ओढायला ताकद फार लागत नाही, तिला अडवायला लागते. म्हणून पैसे फिल्टरवर खर्च करा.

राखेचे कण इतके बारीक असतात की साधा फोमचा किंवा कागदी फिल्टर त्यांना थांबवत नाही, पुढून ओढलेली राख मागच्या एक्झॉस्टमधून खोलीत येते आणि ती लगेच दिसतही नाही, दोन तासांनी टीव्हीवर, डायनिंग टेबलवर पांढरी साय धरते. तुमच्या श्वासात जाते ते वेगळंच. आणि तीच राख मोटरमधे गेली की बेअरिंग खाते. चांगल्या अ‍ॅश व्हॅकमधे दोन टप्पे असतात, बाहेरून आगीला तोंड देणाऱ्या कापडाचा प्रीफिल्टर आणि आत घड्यांचा कार्ट्रिज. आतला हेपा दर्जाचा असेल तर उत्तमच, हेपा म्हणजे 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा. घरात कोणाला दमा असेल तर यात तडजोड करू नका.

त्यानंतर बघायचं ते फिल्टर झटकायची सोय. राखेने फिल्टर पाच-दहा मिनिटांत बुजतो, सक्शन पडतं, मग दर वेळी झाकण उघडून फिल्टर काढायचा म्हणजे निम्मी राख अंगावर. काही मशीनला वरून एक दांडा किंवा नॉब असतो, बंद करून तो हलवला की फिल्टरवरची राख डब्यात पडते. मी पहिला घेतला त्याला हे नव्हतं, दुसऱ्याला आहे, आणि फरक एवढा आहे की मी याच्यासाठी 50 डॉलर जास्त आनंदाने देईन. झाकणाच्या क्लिपा आणि रबरी सील दुकानात स्वतः उघडझाप करून बघा, सील ढिलं असेल तर बाकी सगळं फुकट.

डबा फार मोठा नको. हिशोब सांगते, इथे पेलेट फ्युएल्स इन्स्टिट्यूट या पेलेट उद्योगाच्या संघटनेच्या प्रीमियम दर्जात राखेची मर्यादा 1 टक्का आहे. 40 पाउंडाची म्हणजे 18 किलोची एक बॅग जाळली तर फार तर 180 ग्रॅम राख. इथल्या 2000 पाउंडांच्या टनाला 50 बॅगा, आमच्या तीन टनांची सीझनभराची राख अगदी 1 टक्का धरली तरी 27 किलो, आणि चांगल्या पेलेटची त्याच्या निम्मीच निघते. त्यातली बरीचशी तुम्ही अ‍ॅश पॅनमधून सरळ बादलीत ओतणार, व्हॅक्यूमकडे येते ती कोपऱ्यातली. त्यामुळे 4 गॅलन म्हणजे 15 लिटरचा डबा पुरतो. पॉवरस्मिथचा 10 अँप, 4 गॅलनचा इथे खूप घरांमधे दिसतो, सुरुवातीला तसा काहीतरी घेतला तरी चालेल. साधारण शंभर-दीडशे डॉलरला बरं मशीन मिळतं, त्यावरचे भारी असतात, जास्त टिकतात, पण पहिल्या वर्षी गरज नाही.

तुम्ही गराजमधल्या शॉप व्हॅकबद्दलही (वर्कशॉपच्या कचऱ्यासाठीचा मोठा व्हॅक्यूम) विचारलंय. बरेच जुनेजाणते लोक शॉप व्हॅकला बारीक धुळीची पिशवी आणि हेपा कार्ट्रिज लावून काम भागवतात आणि राख दोन दिवस गार झालेली असेल तर राख अडवायचं काम तो ठीक करतो. पण डबा प्लॅस्टिकचाच, पिशवी कागदाचीच, आणि एक दिवस घाई होणारच. तुमच्या घरात लहान मुलं आहेत, मी तरी नाही म्हणेन.

वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवा, हॉपरच्या (स्टोव्हमधल्या पेलेट भरायच्या टाकीच्या) तळाशी पेलेटचा भुसा साठतो, तो राखेच्या व्हॅक्यूमने ओढायचा मोह होतो, तो टाळा. राखेत एखादा निखारा राहिला असेल तर तुम्ही त्याला वरून सरपण घालताय. भुशासाठी मी वेगळा छोटा व्हॅक्यूम ठेवलाय, नाहीतर सरळ हाताने भरून काढा.

क्रम असा की आधी खरवडायचं, मग ओढायचं. बर्न पॉटमधे राख वितळून दगडासारखे गठ्ठे होतात, ते पाइपात अडकतात, म्हणून ते हाताने उचलून टाका आणि पॉटची भोकं एकेक मोकळी करा. हीट एक्सचेंजरच्या (खोलीची हवा गरम करणाऱ्या) नळ्यांवरून खरवडणी चार-पाच वेळा मागेपुढे. मग वरून खाली येत व्हॅक्यूम. खरी राख मात्र दिसते तिथे नसतेच, ती मागच्या पत्र्यांच्या आड असते, बहुतेक स्टोव्हना आत राख साठायच्या खोबण्या असतात, बऱ्याचदा दोन बाजूंना, त्यांची झाकणं दोन-चार स्क्रूंची. मॅन्युअल नसेल तर कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बहुतेक मिळतं. व्हॅक्यूमचं तोंड तिथे जात नाही, मी हार्डवेअरच्या दुकानातून अर्ध्या इंचाची पारदर्शक विनाइल नळी तीन फूट आणली आणि टेपने पाइपच्या तोंडाला जोडली, ती वळून कुठेही जाते. फक्त पूर्ण गार राखेसाठी, प्लॅस्टिक आहे ते. हिवाळ्यात हवा कोरडी असल्यामुळे पाइप हातात धरला की स्टॅटिकचे झटके बसतात, घाबरू नका, एक हात स्टोव्हच्या पत्र्याला टेकवून काम केलं की कमी होतात.

या खोबण्या का महत्त्वाच्या, तर त्या भरल्या की एक्झॉस्टची वाट अडते, ज्वाला आळशी आणि केशरी होते, काच काळी पडते, पेलेट जास्त जातात आणि धूर घरात यायची भीती. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म स्टोव्हच्या मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांजवळ आहे ना ते आजच बघा. स्टोव्हच्या दाराच्या गॅस्केटमधे (कडेच्या सीलमधे) एक डॉलरची नोट धरून दार लावा, नोट सहज सरकली तर गॅस्केट बदलायला झालंय.

आता मशीन सांभाळणं. काम झाल्यावर डब्याला बाहेरून हात लावा. कोमट लागला तर झाकण न उघडता तसाच बाहेर, घरापासून लांब दगडावर किंवा काँक्रीटवर, गराजमधे नाही. गार असेल तरी राख आत ठेवायची नाही, प्रत्येक वेळी लगेच रिकामा करा. एक तर निखाऱ्याची भीती आणि दुसरं म्हणजे राख हवेतलं पाणी ओढते आणि ती चांगलीच अल्कधर्मी असते, आमच्या पहिल्या मशीनचा तळ दोन वर्षांत गंजला तो याच्यामुळे. राखेची बादली लाकडी डेकवर ठेवू नका, इथे अग्निशमनवाले सांगतात की झाकणाची धातूची बादली घरापासून किमान 10 फूट लांब हवी.

फिल्टर बाहेर नेऊन, मास्क लावून, वाऱ्याकडे पाठ करून बादलीच्या कडेला हळूहळू आपटायचा, जोरात आपटला तर घड्या फाटतात. कॉम्प्रेसर असेल तर आतून बाहेर कमी दाबाची हवा. पाणी मी सीझनमधून एक-दोनदाच लावते, तेही फिल्टरवर धुता येतो असं लिहिलं असेल तरच, आणि आधी कोरडी राख जितकी निघेल तितकी काढून, कारण ओल्या राखेचा लगदा घड्यांत सिमेंटसारखा बसतो. हातात ग्लोव्हज घाला, राखेचं पाणी कातडी खातं. धुतलेला फिल्टर वाळायला एक दिवस सहज लागतो, दमट फिल्टर लावला की त्या दिवशीच कायमचा बुजतो, म्हणून एक जास्तीचा फिल्टर मशीनबरोबरच मागवून ठेवा, फेब्रुवारीत हवा तेव्हा मिळत नाही. सक्शन पडलं तर आधी फिल्टर, मग पाइपमधे अडकलेला गठ्ठा, मग झाकणाचं सील, या क्रमाने बघा, मोटर क्वचितच गेलेली असते. चालू असताना मागून राखेचा धूर दिसला तर फिल्टर फाटलाय किंवा नीट बसलेला नाही, लगेच बंद करा.

राख टाकायची कुठे असंही विचारलंय. पूर्ण गार राख बागेत थोडी थोडी पसरता येते, मातीचा आंबटपणा कमी करते, पण मेनमधे आहात म्हणजे परसात ब्लूबेरीची झुडपं असण्याची शक्यता आहे, त्यांना अजिबात घालू नका, त्यांना आंबट मातीच लागते.

एप्रिलमधे शेवटची सफाई झाली की डबा आतून कोरड्या फडक्याने पुसा, फिल्टर काढून वेगळा कोरड्या जागी, पाइप सरळ टांगून, आणि झाकण क्लिपा न लावता नुसतं टेकवून ठेवा म्हणजे सील दबून राहत नाही. तुमच्या स्टोव्हचा मॉडेल नंबर हॉपरच्या झाकणाच्या आत किंवा मागच्या बाजूच्या पाटीवर असेल, तो खाली लिहा, ओळखीचा असला तर त्याच्या खोबण्या कुठे आहेत ते मी सांगते.