कुपी परतताना कॅमेरा कसा लावायचा?

प्रश्न : अवकाशातून परतणाऱ्या कुपीचा फोटो घ्यायचा आहे. उल्कावर्षावाची सेटिंग चालतील का? तिच्या उजेडाची रेघ फिकी आली तर एक्स्पोजर वाढवायचं का? (ॲडलेड)

एक्स्पोजर वाढवलंत तर आकाश उजळेल, रेघ नाही. लघुग्रहाचे नमुने आणणाऱ्या ‘हायाबुसा २’ या जपानी यानाची कुपी ६ डिसेंबर २०२० च्या पहाटे तुमच्याच राज्यात, वूमेराच्या वाळवंटावर आली, तेव्हा तिचा वेग सेकंदाला सुमारे १२ कि.मी. होता. अशी कुपी तुमच्यापासून १०० कि.मी.वरून आडवी गेली, तर आकाशात सेकंदाला जवळजवळ ७ अंश सरकते. फुल-फ्रेम, २४ मेगापिक्सेल कॅमेरा आणि २४ मि.मी. लेन्स धरली, तर सेकंदाला सुमारे ४८० पिक्सेल ओलांडून जाते. एकेका पिक्सेलवर तिचा उजेड जेमतेम दोन मिलिसेकंद पडतो, मग शटर दोन सेकंद उघडं असो की साठ. रेघेचा ठसठशीतपणा ठरवतात ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आणि लेन्स. शटरची वेळ आकाश किती पांढरं पडू द्यायचं तेवढ्यापुरती.

उल्केपेक्षा मोठी सोय ही, की वेळ आणि मार्ग आधीच माहीत असतो. काळोख्या वाळवंटात एफ/२.८, आयएसओ ४०० ठेवून ६० सेकंदांची एकच फ्रेम घ्या. चकाकी मिनिटभराच्या आसपासच टिकते. तारे किंचित लांबतील, लांबू द्यात. चांदणं असेल तर हे जमणार नाही. धूमकेतूची धूळ आणणाऱ्या नासाच्या ‘स्टारडस्ट’ यानाची कुपी १५ जानेवारी २००६ ला अमेरिकेत युटात उतरली ती पौर्णिमेच्या लगेच दुसऱ्या दिवशी. अशा रात्री ५-६ सेकंदांच्या फ्रेम एकामागून एक घ्याव्या लागतात, आणि दोन फ्रेममध्ये एक सेकंद गेला की रेघेत ७ अंशांची फट पडते. दुसरा कॅमेरा अर्ध्या फ्रेमने मागे चालवला तर ती भरते.

सगळ्यात जास्त फोटो बुडतात ते ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू राहिल्यामुळे. ६० सेकंदांची फ्रेम संपली की कॅमेरा पुढचे ६० सेकंद काळी फ्रेम घेत बसतो. चाचणीची फ्रेम जरा उशिरा घेतली असेल तर कुपी त्यातच निघून जाते. ते बंद करा. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही बंद. ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू मोठा करून हाताने फोकस करा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल). कॅमेऱ्याच्या घड्याळावर विसंबू नका: आधी आणि नंतर जीपीएसची वेळ दाखवणाऱ्या स्क्रीनचा एकेक फोटो काढला की घड्याळ किती चुकतंय ते नंतर काढता येतं. थंडीत बॅटरी बघता बघता उतरते. जादाची आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

प्रश्न : उतरण्याच्या जागेपासून किती लांब उभं राहायचं? (सॉल्ट लेक सिटी)

मोजायचं ते उतरण्याच्या जागेपासून नव्हे. तिथे कुपी पॅराशूटने उतरते आणि तोवर विझलेली असते. ती सर्वांत तेजस्वी असते साधारण ६० कि.मी. उंचीवर, आणि तो बिंदू बराच अलीकडे येतो. त्याच्या बरोबर खालच्या जमिनीपासून तुम्ही १५० कि.मी.वर असाल तर कुपी क्षितिजापासून २१ अंशांवर दिसेल, ३०० कि.मी.वर १० अंशांवर आणि ५०० कि.मी.वर पाच अंशांच्याही खाली, म्हणजे धुरकट हवेत. ‘स्टारडस्ट’ उत्तर कॅलिफोर्निया आणि नेवाडावरून आली होती. त्यामुळे नेवाडातल्यांची जागा युटात उतरण्याच्या जागेच्या कुंपणाजवळ थांबणाऱ्यांपेक्षा चांगली होती.

मार्गाच्या बाजूला उभे राहा. अगदी खाली राहिलात तर ती डोक्यावरून जाते आणि एका फ्रेममध्ये मावत नाही; मार्गाच्या पुढच्या टोकाशी राहिलात तर अंगावर येणाऱ्या दिव्यासारखी जागच्या जागी दिसते, रेघ आखूड पडते. ढगांसाठी दुसरी जागा हेरून ठेवा, दोन-तीन तासांच्या गाडीच्या अंतरावर. व्हिडिओ घेत असाल तर रेघ मावळल्यावरही रेकॉर्डिंग पाच मिनिटं चालू ठेवा: कुपी आवाजापेक्षा वेगाने जात असल्यामुळे धमाका होतो, आणि ६० कि.मी. वरून त्याचा आवाज पोचायला तीन मिनिटांहून जास्त लागतात. तोवर शेजाऱ्यांना बोलू देऊ नका!

प्रश्न : २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहाचे नमुने आणणाऱ्या ‘ओसायरिस-रेक्स’च्या कुपीचे असे फोटो का दिसत नाहीत? (ठाणे)

ती २४ सप्टेंबरला युटात सकाळी नऊच्या आधी, सूर्य वर आल्यावर उतरली म्हणून.

प्रश्न : साध्या ग्रेटिंगने (बारीक रेषांच्या, प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या पट्टीने) कुपीचा वर्णपट मिळेल का? (पुणे)

मिळेल, आणि नुसत्या रेघेपेक्षा मोलाचा. कुपी ‘घासून’ पेटते असं सर्रास म्हटलं जातं. खरं तर तिच्यापुढची हवा भयंकर दाबली जाऊन तापते. वर्णपटात या हवेबरोबर उष्णतारोधक कवचातून निघालेली द्रव्यंही दिसतात. ‘स्टारडस्ट’च्या वर्णपटात सुरुवातीला झिंक आणि पोटॅशियम सापडलं, ते कवचावरच्या पांढऱ्या रंगातलं.

मिलिमीटरला ५०० रेषांचं ग्रेटिंग लेन्सपुढे घट्ट बसवा, कडेने उजेड शिरू देऊ नका. त्यावरच्या रेषा कुपीच्या मार्गाला समांतर हव्यात, म्हणजे रंग मार्गाला काटकोनात पसरतात. आडव्या लावल्यात तर सगळे रंग रेघेवरच एकमेकांत मिसळतील. दृश्य प्रकाश मूळ रेघेपासून साधारण साडेअकरा ते साडेवीस अंशांवर पडतो, सोडियमची पिवळी रेषा १७ अंशांवर. म्हणून ३५ मि.मी. लेन्स घ्या आणि मूळ रेघ चौकटीच्या लांब कडेपासून पाचेक अंश आत ठेवा. ती फ्रेममध्ये हवीच, तरंगलांबी तिच्यापासूनच मोजायची असते. बऱ्याच ग्रेटिंगची एक बाजू जास्त उजळ असते. कोणती, ते घरीच दूरच्या दिव्यावर पाहून खूण करून ठेवा.

प्रश्न : २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भात दिसले ते आगीचे गोळेही असेच होते का? (नागपूर)

नाही. ते ‘लाँग मार्च ३बी’ या चिनी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे तुकडे होते. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला त्याचं सुमारे तीन मीटर व्यासाचं कडं पडलं. तो टप्पा कुणी ठरवून उतरवलेला नव्हता, त्यामुळे वेळ आणि जागा आधी नेमकी सांगता येत नाही. वेगही कुपीपेक्षा कमी, सेकंदाला ७-८ कि.मी., म्हणून तुकडे सावकाश जाताना दिसतात.

असं काही अचानक दिसलं तर फोन आडवा धरा, भिंतीला किंवा खांबाला टेकवा, झूम करू नका आणि फ्रेमच्या खालच्या बाजूला एखादं छत, टॉवर किंवा झाड राहू द्या. पुढच्या रात्री त्याच जागेवरून, त्याच फोनने, तेच छत धरून ताऱ्यांचा एक फोटो काढा. दोन्ही एकावर एक ठेवले की तुकडे कुठल्या दिशेला, किती अंशांवर होते ते निघतं. असे दोन गावांतले फोटो मिळाले तर उंचीही काढता येते.