चौकडीचा, चौकटीचा की चौकोनी?

प्रश्न असा आहे: ‘चेक्सचा शर्ट’ याला मराठीत काय म्हणायचं? ‘चौकोनी शर्ट’ कानाला खटकतं, ‘चौकटीचा’ असं काही जण म्हणतात, आणि ‘चौकडी’ म्हटलं की चांडाळचौकडी आठवते.

माझं मत: चौकडीचा शर्ट. बेलाशक म्हणा.

‘चौकोनी’ हे वस्तूच्या आकाराचं विशेषण आहे. चौकोनी रुमाल म्हणजे चार कोपऱ्यांचा रुमाल, मग तो कोरा पांढरा का असेना. चौकडीचा रुमाल म्हणजे ज्याच्या अंगावर उभ्याआडव्या रेघांची घरं आहेत तो. गोल टेबलक्लॉथसुद्धा चौकडीचा असू शकतो, चौकोनी कसा असेल? ‘चौकट’ बाहेरून घेरते, दाराची असो वा फोटोची. बारीक रेघांनी मोठी, रिकामी घरं पाडलेलं कापड असतं, इंग्रजीत त्याला खिडकीच्या काचेवरून विंडोपेन म्हणतात. त्याला ‘चौकटीचं’ म्हटलेलं शोभेल. सरसकट मात्र नको.

संस्कृत ‘चतुष्क’, प्राकृत ‘चउक्क’, त्यावरून मराठी ‘चौक’ आणि पुढे ‘चौकडी’. मूळ अर्थ चारांचा समूह. युगांचीही चौकडीच असते, तेव्हा चांडाळांमुळे शब्द टाकून द्यायचं कारण नाही. शिवाय चौक म्हणजे रस्ते एकमेकांना छेदतात ती जागा, आणि चौकडीच्या कापडात नेमकं तेच चाललेलं असतं.

निळ्या-पांढऱ्या चौकडीचा एखादा उशीचा अभ्रा डोळ्यांजवळ धरून बघा. ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, काही धागे निळे, काही पांढरे, बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांतही तसेच. निळ्याला निळा मिळाला तिथे गडद घर, पांढऱ्याला पांढरा मिळाला तिथे शुभ्र, आणि निळा-पांढरा एकमेकांना छेदतात तिथे फिकट निळं. सूत दोनच रंगांचं, छटा तीन. ती मधली छटा कुणी रंगवलेली नसते, धागे ओलांडताना ती आपोआप उमटते. मला या कापडातलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ते हेच. कापड उलटून पाहिलं तरी नक्षी तीच दिसते. छापील चौकडी बहुधा उलट्या बाजूला फिकी पडते. म्हणून ‘विणीची चौकडी’ आणि ‘छापील चौकडी’ असा भेद बोलण्यात ठेवावा. बारीक चौकडी, मोठी चौकडी, दुरंगी चौकडी हे सगळं सहज जमतं.

स्कॉटलंडच्या टार्टनला मात्र टार्टनच म्हणावं. तीही चौकडीच, पण तिची वीण तिरपी असते, त्यामुळे रंग मिसळलेल्या घरांत बारीक तिरक्या रेघा दिसतात. शिवाय त्या नावामागे इतिहास आहे: १७४६च्या कायद्याने तिथल्या डोंगराळ भागातल्या पुरुषांच्या पारंपरिक पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली.

राहिला ‘चेक्स’. तो वापरण्यात काही गैर नाही, फक्त ‘चेक्सेस’ नको, ‘चेक्स’ हेच अनेकवचन आहे. या शब्दाचं मूळ फारसी ‘शाह’, म्हणजे राजा. बुद्धिबळात राजावर चाल करताना म्हणायचा हा शब्द अरबी, लॅटिन, फ्रेंच अशा वाटेने इंग्रजीत ‘चेक’ झाला. पटाच्या घरांवरून कापडाला ते नाव मिळालं, आणि राजाला अडवण्यावरून रोखणं, मग तपासणं हा अर्थ आला. म्हणजे आपला ‘शह’, ‘चेक करणं’, बँकेतला चेक आणि शर्टावरचे चेक्स ही सगळी एकाच घरातली भावंडं. इंग्लंडच्या राजाचे हिशेब बाराव्या शतकात घरं आखलेलं कापड टेबलावर पसरून त्यावर सोंगट्या मांडून होत असत. त्या कापडावरूनच तिथल्या खजिन्याच्या खात्याला ‘एक्सचेकर’ हे नाव पडलं.