ॲनोरेक्सियातून (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडत जाण्याच्या आजारातून) बरं होताना गोडाची वखवख थांबत नाही. दाबू की खाऊ?

तुझं म्हणणं थोडक्यात असं: वय १९, उपचार सुरू होऊन दोन महिने झाले, पोटभर जेवूनही गोड आणि तुपकट खावंसं वाटतं, घरचे म्हणतात वजन वाढव पण 'हेल्दी' खाऊन, आणि वाढतंय ते सगळं पोटावरच का.

खा. माझं उत्तर एवढंच. बाकीचं लिहितेय ते रुखवताच्या लाडवांपायी.

२०१० साली मी वीस वर्षांची होते. पुण्यात हॉस्टेलवर राहून वर्ष-सव्वा वर्षात स्वतःला पार वाळवलं होतं. वजन किती होतं ते सांगणार नाही. दुसऱ्यांचे असे आकडे वाचून मी मनातल्या मनात शर्यत लावायचे, तूही लावत असशील. सुरुवात झाली चातुर्मासातल्या एकभुक्ताने. घरी कोण कौतुक! मग गुरुवार धरला, मग चतुर्थी. पुढे साबुदाण्याची खिचडी तुपकट वाटायला लागली म्हणून उपासाला नुसतं ताक. आपल्याकडे न जेवणाऱ्या मुलीला आजारी म्हणत नाहीत, नेमाची म्हणतात. पाळी बंद झाली तेव्हा एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गोळ्यांनी रक्तस्राव झाला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. गोळ्यांनी आलेली पाळी म्हणजे शरीर सावरलं असं नसतं, पण हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नाही. शेवटी वडील मला सांगलीला घेऊन आले आणि मिरजेच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे उपचार सुरू झाले.

तिसऱ्या महिन्यात भूक आली. जेवून हात धुताना पुन्हा भूक. झोपेत पुरणपोळ्या.

त्याच सुमारास चुलत बहिणीचं लग्न निघालं. रुखवतासाठी १०१ बेसनाचे लाडू करायचे ठरले आणि बेसन भाजायला बसले मी. आजारात मी घरभर रांधून वाढायचे, स्वतः बोट लावायचे नाही, त्यामुळे हात बसलेला होता. तुपात बेसन खमंग झालं, पिठीसाखर, वेलदोडा, प्रत्येक लाडवावर तासगावचा बेदाणा. मोठ्या काकूंनी स्वतः मोजून डब्यात भरले.

त्या रात्री दोन वाजता मी माजघरात अंधारात बसून सात लाडू खाल्ले. दुसऱ्या रात्री आठ. डबा खाली जायला लागला तशी तळाशी वर्तमानपत्राचे बोळे घालून वर लाडू रचत गेले. पाच रात्री हे चाललं. लग्नाच्या सकाळी कार्यालयात रुखवत मांडताना काकूंच्या हाताला कागदाचा बोळा लागला. लाडू उरले होते ६३. मुलाकडच्या बायका बघतायत, आणि काकू मोठ्याने म्हणाल्या, "एवढं चरणारी पोरगी, हिला कसला आजार? नुसती नाटकं!" आई काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून आमच्या घराण्यातल्या प्रत्येक कार्यात कोणीतरी म्हणतंच, लाडू मोजून ठेवा रे.

मी डॉक्टरबाईंपुढे जाऊन गुन्हा कबूल करावा तसं सांगितलं. त्यांनी मिनेसोटाची हकीकत सांगितली. १९४४-४५ मध्ये, दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, ॲन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धात लढायला नकार दिलेले, स्वखुशीने आलेले तरुण, निवडताना शरीर आणि मन दोन्ही तपासलेले. त्यांचं जवळजवळ पाव वजन गेलं. आणि त्यांना दुसरं काही सुचेना. पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटल्या चाटायला लागले, एकेक जेवण तास-दोन तास पुरवायला लागले. मग खाणं वाढवलं, तर पोट टम्म होऊनही भूक जाईना, काहींची कित्येक महिने गेली नाही. त्यांच्यापैकी कोणालाही सडपातळ व्हायचं नव्हतं. उपासमार झाली म्हणून शरीर वसुली करत होतं. फक्त त्यांच्यात कोणाला काकू नव्हती.

म्हणजे काकू, एवढं चरत होते कारण आजारी होते. सोळा वर्षं हे वाक्य मनात तयार आहे, आज इथे लिहून टाकलं.

आता तुझं 'हेल्दी'. पुण्याच्या एका आहारतज्ज्ञांनी मला यादी दिली होती: मोड आलेले मूग, पपई, काकडीची कोशिंबीर, साखर बंद, तूप चमचाभर. त्या बाई चांगल्या होत्या, पण ही यादी मी आजारात स्वतःच केली असती, अक्षर तेवढं वेगळं. दीर्घ उपासमारीनंतर जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. वाडगाभर मूग आणि काकडीने पोट फुगतं, पुढचं जेवण जात नाही आणि पदरात पडत काहीच नाही. थोडक्यात जास्त ताकद देणारं खावं लागतं. भातावर तूप, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, शिरा, सायीचं दही. गोडाची ओढ म्हणजे शरीर नेमकं हेच मागत असतं. मोडाची उसळही खा, पण जेवणाऐवजी नको.

डॉक्टरबाईंनी आईला सांगितलं, रोज नाश्त्याला दोन लाडू हिच्या ताटात, उजेडात, सगळ्यांबरोबर. आणि दिवसातून सहा वेळा खाणं, भूक असो नसो. रात्रीचं उठणं लगेच थांबलं नाही, पण कमी झालं. दिवसा बंदी घातली की रात्री डबा उघडतो, हे मी शपथेवर सांगेन.

पोटाचं राहिलंच. आधी वाढतं त्यात बरंचसं पाणी आणि शरीराने पुन्हा साठवलेली साखर असते. चरबीही पहिल्यांदा मध्यभागावर बसते आणि वजन टिकवलं तर सहसा वर्षभरात इतरत्र पसरते. माझ्या ब्लाउजांची मापं वर्षभरात तीनदा बदलली. शिंपीणबाईंनी एकदाही विचारलं नाही, त्यांचे उपकार विसरणार नाही.

हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं: फार दिवसांच्या उपासानंतर खाणं एकदम वाढवणं जिवावर बेतू शकतं. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम खाली येतं, हृदयावर ताण येतो. युद्धानंतर सुटलेले कैदी याने दगावले आहेत. सुरुवातीचे आठवडे डॉक्टरांच्या नजरेखाली आणि रक्ततपासणी करूनच खाणं वाढवायचं. माझे लाडू तिसऱ्या महिन्यातले होते हे विसरू नकोस. तुझे दोन महिने झालेत, तेव्हा आधी त्यांना विचार. पायावर सूज, धाप, धडधड, चक्कर यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. खाल्ल्यावर उलटी काढत असशील किंवा मधुमेह असेल तर माझं 'खा' तुला जसंच्या तसं लागू नाही. आणि रात्री फारच वाईट वाटलं तर टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर फुकट आहे.

ही भूक कधी थांबते, असं तू विचारलेलं नाहीस, पण मला तेव्हा तेच विचारायचं होतं. माझी सात-आठ महिन्यांनी उतरायला लागली. गेल्या दिवाळीत काकूंनी डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मोजलेत हं." मी दोन खाल्ले, तिसरा उचलला, अर्धा खाऊन नको झाला म्हणून त्यांच्याच ताटलीत ठेवला. त्यांनी तो खाल्ला. माफी अजून मागितलेली नाही.